दुखत नाही, म्हणून पाहावे लागते : मधुमेहात पाय जपण्याच्या सवयी

मधुमेहामुळे पाय गमावलेल्या माणसाला सुरुवात कशी झाली असे विचारले, तर उत्तर बहुधा फार किरकोळ निघते. नव्या चपलेचा अंगठा लागला होता, शेतात बाभळीचा काटा मोडला होता, किंवा देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घातली आणि दुसऱ्या दिवशी तळव्याला फोड दिसला. त्यापुढचे वाक्यही जवळजवळ ठरलेले असते : ‘दुखत नव्हते, म्हणून लक्ष दिले नाही.’ हा सगळा लेख त्या एका वाक्यासाठी लिहिला आहे. मधुमेहींच्या बाबतीत पाय किंवा पायाचा भाग कापावा लागण्याच्या दर दहा प्रसंगांपैकी आठांहून अधिक प्रसंगांत आधी पायाला जखम झालेली असते, म्हणजे मधे काही दिवस किंवा आठवडे असे मिळालेले असतात की ज्यांत पाय वाचवता आला असता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे पुढच्या सवयी ज्याला उपयोगी पडणार नाहीत असे घर आता क्वचितच सापडेल.

पाय जातो तो बहुधा तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसा हळूहळू निकामी होतात. आधी मुंग्या येतात, आग होते, रात्री तळवे जळजळतात, आणि नंतर हे सगळे थांबते. अनेकजण या थांबण्याला बरे होणे समजतात. प्रत्यक्षात तेव्हा तक्रार करणारी नसच गप्प झालेली असू शकते. दुसरीकडे पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आतून चरबीच्या थरांनी अरुंद होतात, त्यामुळे झालेली जखम भरून यायला लागणारे रक्त पोहोचत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे जंतुसंसर्ग. साखर वाढलेल्या शरीराची जंतूंशी लढण्याची ताकद कमी झालेली असते आणि तळव्याच्या आतल्या मोकळ्या जागांतून पू वरवर न दिसता पसरत जातो.

वेदना नाहीशी झाल्यावर काय होते, हे वैद्यकशास्त्राला नीट समजले ते आपल्याच देशातील कुष्ठरुग्णांकडे पाहून. तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरोगात बोटे आपोआप गळून पडत नाहीत. बधिर झालेल्या हातापायांना रोज होणाऱ्या, न जाणवणाऱ्या इजांमुळे ती झिजतात. मधुमेही पायाच्या उपचारांत आज सर्वत्र वापरले जाणारे तत्त्व, म्हणजे जखमेवरचा दाब काढा आणि बधिर पायाला इजेपासून राखा, हे मोठ्या प्रमाणात याच कामातून आले. वेदना हा आपला रात्रंदिवस जागा असणारा राखणदार आहे. तो नसेल तर त्याचे काम डोळ्यांनी आणि हातांनी करावे लागते, आणि ते सवय म्हणूनच करावे लागते, कारण आठवण करून देणारे दुखणे उरलेले नसते.

पायाची जाणीव शाबूत आहे का?

प्रत्येक मधुमेहीने वर्षातून किमान एकदा डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्यावी. या तपासणीत नायलॉनच्या एका बारीक तंतूने, १० ग्रॅम इतक्याच दाबाने, तळव्याला स्पर्श करून तो जाणवतो का हे पाहतात, कंपन करणारा चिमटा हाडावर टेकवतात आणि पायाच्या नाड्या बोटांनी चाचपतात. ज्यांची जाणीव कमी झाली आहे किंवा ज्यांच्या नाड्या नीट लागत नाहीत, त्यांनी ही तपासणी सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही लवकर करावी. ज्यांना पूर्वी जखम होऊन गेली आहे त्यांच्यासाठी हे अंतर एक ते तीन महिने इतके कमी असते. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी पायमोजे काढायला सांगितले नाहीत, तर आपणच काढावेत आणि ‘पाय पाहता का?’ असे विचारावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही.

घरच्या घरी करता येईल अशीही एक सोपी चाचणी आहे. इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी ती तयार केली. मधुमेही व्यक्तीने झोपून किंवा पाय लांब करून बसावे आणि डोळे मिटावेत. घरातील दुसऱ्या माणसाने तर्जनीच्या टोकाने उजव्या पायाचा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवे मधले बोट आणि डावे मधले बोट अशा क्रमाने, प्रत्येक ठिकाणी एक-दोन सेकंद, अगदी पिसासारखा हलका स्पर्श करावा. दाबू नये, थोपटू नये, गुदगुल्या करू नयेत आणि न कळल्यास त्याच ठिकाणी पुन्हा स्पर्श करू नये. स्पर्श जाणवताच मधुमेही व्यक्तीने ‘डावा’ किंवा ‘उजवा’ असे सांगावे. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर जाणीव कमी झाली आहे असे धरून डॉक्टरांना दाखवावे. याशिवाय एक खूण रोजच्या जगण्यातही दिसते : चालताना चप्पल पायातून निसटते आणि चार पावले पुढे गेल्यावर किंवा दुसऱ्याने सांगितल्यावर कळते. वयामुळे असे होते म्हणून ती सोडून देऊ नये.

रोज रात्री दहा मिनिटे

पाय पाहण्याची वेळ ठरवून टाकावी. झोपण्यापूर्वीची वेळ मला सर्वांत सोयीची वाटते, कारण दिवसभरात जे काही लागले असेल ते त्या वेळी दिसते आणि पायही मग जमिनीवर टेकायचे नसतात. पाय कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुवावेत. पाणी किती गरम आहे हे पायाने पाहू नये. कोपराने पाहावे किंवा घरातल्या दुसऱ्याला पाहायला सांगावे. बादलीत तासभर पाय बुडवून ठेवण्याची सवय असल्यास ती सोडावी, कारण त्यामुळे त्वचा आधी भिजून नाजूक होते आणि नंतर अधिकच कोरडी पडते. धुतल्यावर मऊ पंचाने पाय टिपावेत आणि बोटांची बेचकी एकेक करून कोरडी करावीत. पावसाळ्यात, विशेषतः भातलावणीच्या दिवसांत, बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या हे जंतू आत शिरण्याचे हमखास दार आहे. त्यांना क्षुल्लक मानू नये आणि वेळीच डॉक्टरांकडून बुरशीविरोधी मलम घ्यावे.

त्यानंतर चांगल्या उजेडात वरची बाजू, टाच, घोटे, नखांच्या कडा आणि शेवटी तळवा पाहावा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा मोबाइलने तळव्याचे छायाचित्र घ्यावे. छायाचित्राचा आणखी एक फायदा असा की गेल्या आठवड्यातील चित्राशी तुलना करता येते. नजर कमी झाली असेल, आणि मधुमेहात ती अनेकदा होते, तर हे काम मुलाने, सुनेने, नातवाने करावे. सासूबाईंचे पाय हातात घेऊन पाहणे हे घरातल्या औषधोपचाराइतकेच महत्त्वाचे आहे हे सर्वांनी समजून घेतले, तर संकोच आपोआप कमी होतो. फोड, चीर, लाली, सूज, रंगातील बदल, ओलसरपणा, दुर्गंधी आणि घट्ट्याच्या खाली दिसणारा काळसर डाग या गोष्टी शोधायच्या आहेत. हाताच्या पाठीने दोन्ही पायांना स्पर्श करून एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का हेही पाहावे. पाय न दुखता गरम झाला असेल आणि सुजला असेल, तर आतील हाडे व सांधे मोडत असण्याची शक्यता असते. अशा पायावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

टाचांच्या भेगांना रोज पेट्रोलियम जेली, खोबरेल किंवा कोकमाचे तेल लावावे, पण बोटांच्या बेचक्यांत लावू नये. कोकणात आणि गोव्यात कोकमाचे तेल वितळवून गरम असतानाच भेगांत भरण्याची पद्धत काही घरांत आहे. बधिर टाचेवर तसे करणे म्हणजे भाजून घेणे आहे. तेल निवल्यावरच लावावे. नखे सरळ रेषेत कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत आणि ब्लेडचा वापर अजिबात करू नये. पाय सुजत असतील तर जोडवी काढून ठेवावीत. घट्ट जोडव्याखाली झालेली जखम ते उतरवेपर्यंत दिसत नाही.

अनवाणी चालणे

आपल्याकडे चप्पल उंबऱ्याबाहेर काढायची हा संस्कार आहे आणि तो मोडा असे कोणी म्हणत नाही. घरात वापरायची चप्पल वेगळी ठेवावी, ती बाहेर नेऊ नये, म्हणजे संस्कारही राहतो आणि पायही. रात्री न्हाणीघरात जाताना, अंगणात तुळशीला पाणी घालताना, गच्चीवर वाळवण घालताना पाय उघडा नसावा. देवळात जाताना जाड सुती पायमोजे घालावेत आणि उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर जावे. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहण्याचे व्रत अनेकजण श्रद्धेने करतात. ज्यांच्या पायांची जाणीव गेली आहे त्यांनी हे व्रत करू नये असे मी स्पष्टपणे सांगेन. त्याऐवजी दुसरा नेम धरता येतो, पण गेलेला पाय परत येत नाही.

पंढरीच्या वारीला जाणाऱ्या मधुमेही वारकऱ्यांनी निघण्याआधी पाय तपासून घ्यावेत. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट नव्या बुटांत कधीही सुरू करू नये. आधी महिनाभर रोज घालून मऊ केलेलीच पादत्राणे न्यावीत. पायमोज्यांचे किमान तीन जोड बरोबर असावेत, भिजलेला जोड लगेच बदलावा आणि दुपारच्या विसाव्याला व रात्रीच्या मुक्कामाला असे दिवसातून दोनदा पाय पाहावेत. फोड दिसला तर तिथून पुढे वाहनाने जावे.

पादत्राणांच्या निवडीत थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे, कारण बहुतेक जखमा इथेच सुरू होतात. अंगठ्याच्या चपलेत अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या मधली त्वचा सतत घासली जाते, आणि चप्पल निसटू नये म्हणून बोटे आवळून धरावी लागतात. कोल्हापुरी चप्पल दिसायला कितीही देखणी असली, तरी बधिर पायाला ती योग्य नाही. मागे पट्टा असलेली, पुढे बोटांना ऐसपैस जागा देणारी, वेलक्रोने सैल-घट्ट करता येणारी, जाड पण मऊ तळाची सँडल किंवा बूट घ्यावा. ‘एमसीआर चप्पल’ या नावाने मिळणारी, मऊ रबराच्या तळाची पादत्राणे मूळ कुष्ठरुग्णांसाठी वापरात आली. ती स्वस्त आहेत आणि मधुमेही पायालाही मानवतात. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. पायाला बोध नसेल तर दुकानात ‘बसते का’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या पायाकडून मिळणार नाही. म्हणून कागदावर उभे राहून पायाची बाह्यरेषा काढून न्यावी आणि बूट त्या कागदावर ठेवून पाहावा. नवे पादत्राण पहिल्या दिवशी अर्धा-एक तासच घालावे आणि काढल्यावर लाल ठिपका दिसतो का ते पाहावे. घालण्यापूर्वी दर वेळी आत हात फिरवावा. खडा, खिळ्याचे टोक, दुमडलेले अस्तर किंवा नातवाचे खेळणेसुद्धा दिवसभर बुटात राहू शकते आणि कळत नाही. पायमोजे पांढरे घालावेत, म्हणजे रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो.

जमिनीवर मांडी घालून तासन्‌तास बसणाऱ्यांच्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला घट्टे पडतात आणि पुढे तिथेच जखम होते. पूजा, भजन, पंगत, शिवणकाम असे काहीही असो, खाली जाड आसन घ्यावे आणि मधून मधून बैठक बदलावी, किंवा सरळ खुर्चीवर बसावे. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी खोचून झोपावे. बधिर पायाची बोटे रात्री उंदराने कुरतडल्याचे सकाळी अंथरुणावरील रक्तावरून कळते, असे रुग्ण आपल्याकडच्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिलेले आहेत.

घरगुती उपाय

कुरुपावर आणि भेगांवर बिब्बा लावणे हा महाराष्ट्रातील जुना उपाय आहे. बिब्ब्याचे तेल त्वचा जाळते. ज्याला जळलेले कळत नाही त्याच्या पायावर ते लावल्यास खोल जखम होते. कुरुपावर चिकटवण्याच्या औषधी पट्ट्यांतही त्वचा खाणारे आम्ल असते, म्हणून त्याही मधुमेहींनी वापरू नयेत. कुरूप किंवा घट्टा डॉक्टरांकडून तासून घ्यावा, ब्लेडने स्वतः कापू नये. पाय गार पडतात म्हणून शेकोटीजवळ धरणे, गरम पाण्याची पिशवी लावणे, विटेने शेकणे हे सगळे बंद करावे आणि लोकरीचे सैल पायमोजे घालावेत. जखमेवर हळद, चुना, तंबाखू, राख, कॉफी किंवा टूथपेस्ट भरू नये. त्यामुळे जखम झाकली जाते, आत काय चालले आहे ते डॉक्टरांनाही दिसत नाही आणि चार दिवस वाया जातात. हे उपाय करणारी माणसे प्रेमानेच करत असतात, म्हणून त्यांना रागावू नये, पण त्यांचे ऐकूही नये.

तंबाखू

रक्तवाहिन्या अरुंद होण्याच्या कारणांत तंबाखूचा वाटा फार मोठा आहे. विडी आणि सिगारेट रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात, आणि निकोटिन बारीक वाहिन्या आवळते. मधुमेहाने आधीच अर्ध्या मिटलेल्या वाहिनीवर दिवसातून दहा वेळा हा फास बसला, तर बोटाच्या टोकापर्यंत काय पोहोचणार? तंबाखू म्हटले की आपल्याकडे पुरुषांचाच विचार होतो. मशेरी लावणाऱ्या आई-आजींना कोणी विचारतच नाही, आणि त्याही ‘मी तंबाखू खात नाही’ असे मनापासून सांगतात. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे आणि तिच्यातही निकोटिन असते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी तंबाखू आणि चुन्याची डबी खिशात असतेच. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११२-३५६ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे. डॉक्टरांना सांगितल्यास औषधेही मिळतात. ‘कमी केली आहे’ यावर समाधान मानू नये. दारू नसांना स्वतंत्रपणे इजा करते, म्हणून बधिरता सुरू झालेल्यांनी तीही टाळावी.

साखर, आहार आणि चालणे

इंग्लंडमधील यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासात असे दिसले की तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी पातळी दर १ टक्क्याने कमी असलेल्यांमध्ये अंगच्छेद किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारा मृत्यू यांचे प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी होते. बहुतेकांसाठी ७ टक्क्यांच्या आसपासचे उद्दिष्ट ठरवले जाते, वृद्धांसाठी ते थोडे सैल असते. आहाराबद्दल पुष्कळ लिहिले जाते, म्हणून इथे एवढेच : भात-भाकरीचे प्रमाण ठरवून घ्यावे, उपवासाच्या दिवशी साबुदाणा आणि बटाट्याने साखर किती चढते ते एकदा स्वतः मोजून पाहावे, लोणचे-पापड रक्तदाबासाठी आवरावेत. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी, विशेषतः शाकाहारींनी, ब१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे, कारण त्याच्या कमतरतेनेही नसा बधिर होतात आणि ती भरून काढता येते. रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची औषधे पायासाठीही असतात हे लक्षात ठेवावे.

आठवड्यातून १५० मिनिटे चालणे बहुतेक मधुमेहींना हितकारक आहे. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येत असेल आणि थांबल्यावर तो जात असेल, तर रक्तपुरवठा कमी असल्याची ती खूण आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दुखेपर्यंत चालणे, थांबणे आणि पुन्हा चालणे या सरावाने ते अंतर वाढते. परंतु तळव्याला जखम असताना चालण्याचा व्यायाम करू नये. दुखत नसल्यामुळे माणूस जखमेवरूनच रोज चार किलोमीटर चालतो आणि मलमपट्टी चांगली असूनही जखम का भरत नाही याचे नवल करतो. त्या काळात खुर्चीत बसून हातांचा व्यायाम करावा.

जखम दिसल्यावर

स्वच्छ पाण्याने धुवावी, कोरडा निर्जंतुक गॉज ठेवून सैल बांधावी, त्या पायावर भार देणे थांबवावे आणि २४ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावी. रविवार आहे, लग्न आहे, पेरणी आहे ही कारणे त्या दिवशी बाजूला ठेवावीत. लाली पसरत असेल, पू किंवा दुर्गंधी असेल, बोट काळे किंवा निळे पडले असेल, थंडी वाजून ताप आला असेल किंवा एरवी आटोक्यात असलेली साखर अचानक चढली असेल, तर २४ तासांचीही वाट न पाहता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. जखम कितीही लहान दिसत असली तरी चढलेली साखर आतल्या पुवाची पहिली खबर असू शकते.

रुग्णालयात अंगच्छेदाचा सल्ला मिळाला तर घाबरून घरी निघून येऊ नये. पायाचा रक्तप्रवाह डॉपलरने तपासला आहे का, वाहिनी फुगा घालून किंवा बायपास करून उघडता येईल का, आणि जखमेवरचा दाब काढण्यासाठी काय करता येईल, हे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत आणि रुग्णाची प्रकृती स्थिर असल्यास रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांचेही मत घ्यावे. मात्र विष अंगात भिनत असताना एक बोट काढण्यास दिलेला नकार पुढे गुडघ्यापर्यंतच्या शस्त्रक्रियेला कारण होतो. तिथे तासांचा प्रश्न असतो आणि दुसऱ्या मतासाठी शहरे फिरायला वेळ नसतो.

भरलेली जखम वर्षभरात पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्के आहे. म्हणून पट्टी निघाल्याच्या दिवशीच जुनी चप्पल टाकून द्यावी, नवे पादत्राण मापाने करून घ्यावे आणि पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहावी. ज्यांचा एक पाय गेला आहे त्यांचा सगळा भार आता दुसऱ्या पायावर आलेला असतो. त्यांच्या घरातील माणसांनी त्या दुसऱ्या पायाचा तळवा रोज रात्री दिव्याखाली धरून पाहावा.